धुराची जकात आणि शेजारधर्म

(कारखानदार, व्यापारी व कामगार बंधूंच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाका म्हणजे काय, हे सीमाभागातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. नाक्यावर माल अडतो, कागद मागितले जातात, वेळ जातो, पैसा जातो आणि अखेर तो पैसा मालाच्या किमतीत चढून कोणाच्या तरी खिशातून निघतो. आज ज्या नाक्याविषयी आम्ही बोलणार आहोत तो येथून हजारो मैल दूर, युरोपच्या बंदरांत उभा राहिला आहे. १ जानेवारी २०२६ पासून तेथे उतरणाऱ्या मालाचा एक निराळाच हिशेब धरला जाऊ लागला आहे. पोलाद किती टन आले हे तर पाहिले जातेच. परंतु ते पोलाद तयार होताना किती टन कर्बवायू हवेत गेला, हेही विचारले जाते आणि त्या वायूची किंमत मागितली जाते. युरोपीय संघाने या व्यवस्थेस ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ असे लांबलचक नाव दिले आहे. आपण तिला साध्या भाषेत धुराची जकात म्हणू.

ही जकात दूरची म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करावे काय? तसे करून चालणार नाही. बेळगावचे उद्यमबाग घ्या, कोल्हापूरचे शिरोली व गोकुळ शिरगाव घ्या. तेथील भट्ट्यांत ओतलेले बिडाचे भाग देशाबाहेरही जातात आणि त्या भट्ट्यांवर हजारो घरांच्या चुली पेटतात. आज लागू असलेल्या यादीत सिमेंट, लोखंड व पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज असे सहा वर्ग आहेत. पोलादाच्या वर्गात पत्रे, नळ, टाक्या, बांधकामाचे सांगाडे, इतकेच काय, पण नट आणि बोल्टदेखील येतात. प्रत्येक ओतीव जिन्नस आज त्या यादीत नाही, हे खरे. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद व अ‍ॅल्युमिनियमपासून बनणाऱ्या सुमारे १८० पुढील जिनसा २०२८ पासून जकातीखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला आहे. यादी वाढण्याची दिशा यावरून कळते. पाणी उंबऱ्याशी आले असता ते अजून माजघरात शिरले नाही, एवढ्यावर समाधान मानणारा गृहस्थ शहाणा म्हणता येणार नाही.

प्रथम युरोपची बाजू समजून घेऊ. कारण प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते न ऐकता केलेली तक्रार कोणत्याच न्यायासनापुढे टिकत नाही. युरोपीय संघाने २००५ साली आपल्या मोठ्या कारखान्यांवर व वीजकेंद्रांवर एक बंधन घातले. कर्बवायूच्या प्रत्येक टनामागे एक परवाना हवा; परवान्यांची एकूण संख्या ठरावीक आणि ती वर्षानुवर्षे कमी होत जाणारी; ज्याला कमी पडतील त्याने बाजारातून विकत घ्यावेत. लगेच एक भीती पुढे आली. कारखानदार म्हणेल, येथे धुराचे दाम मोजावे लागतात, तेव्हा मी धुराडे उचलून जेथे दाम नाहीत तेथे नेतो. मग जगातील धूर तेवढाच राहील. केवळ युरोपचा कामगार बेकार होईल. म्हणून पोलादासारख्या अवजड धंद्यांना पुष्कळ परवाने फुकट देण्यात आले. फुकटच्या परवान्याने कोणी भट्टी सुधारत नाही, हेही पुढे दिसून आले. तेव्हा २०२३ च्या मे महिन्यात कायदा झाला, तो असा की, देशी कारखान्यांचे फुकट परवाने २०२६ पासून क्रमाने कमी करून २०३४ मध्ये संपवावेत आणि ज्या प्रमाणात ते कमी होतील त्या प्रमाणात बाहेरून येणाऱ्या मालावर तेच दाम बसवावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ च्या अखेरीपर्यंत केवळ माहिती मागितली गेली. आता पैशाचा काळ सुरू झाला आहे. २०२६ मध्ये आलेल्या मालाची प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून आयातदारास विकत घ्यावी लागतील.

आपल्या कारखानदारास जो नियम, तोच परक्यास, हा युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष दिसतो. त्यात तथ्य मुळीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याचा हिशेब पाटीवर मांडून पाहिला पाहिजे.

समजा, एका कारखान्यात एक टन पोलादामागे अडीच टन कर्बवायू निघतो. समजा, युरोपने चांगल्या कारखान्याचे माप दीड टन धरले आहे आणि परवान्याचा भाव टनास ७५ युरो आहे. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२६ साली, फुकट परवान्यांतील कपात केवळ अडीच टक्के आहे. म्हणून कित्येकांनी असा समज करून घेतला की, जकातही अडीच टक्केच भरावी लागेल. हा समज घातक आहे. सवलत मिळते ती त्या चांगल्या कारखान्याच्या मापावर. आपल्या भट्टीच्या प्रत्यक्ष धुरावर नव्हे. दीड टनाचे साडेसत्त्याण्णव टक्के वजा जातात आणि उरलेल्या सुमारे एक टनाचे ७५ ते ७८ युरो पहिल्याच वर्षी भरावे लागतात. ज्याची भट्टी मापाच्या आत आहे त्याला पहिली वर्षे जवळजवळ माफ. जो मापाबाहेर आहे त्याला पहिल्या दिवसापासून दंड. आणि २०३४ साली सवलत संपली की, याच हिशेबाने टनामागे १८७ युरोंच्या वर रक्कम जाते.

यावर आणखी एक गोष्ट. ज्या कारखान्याकडे आपल्या धुराचा तपासून घेतलेला हिशेब नाही, त्याच्या मालास युरोप स्वतः ठरवलेला आकडा लावतो आणि त्यावर वर्षागणिक वाढती भर घालतो. अर्थात ज्याने लिहून ठेवले नाही त्याने सर्वांत अधिक धूर सोडला, असेच गृहीत धरले जाते. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदारास सूट आहे. परंतु ती सूट तिकडच्या आयातदाराच्या एकूण आयातीवर मोजली जाते, आपल्या कारखान्याच्या आकारावर नाही. लहान कारखानदाराने ती आपल्यालाच मिळणार असे समजून स्वस्थ बसू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नाका उभा राहिला. तो कोणासाठी उठला आणि कोणासाठी राहिला? यातच आजच्या विषयाचे मर्म आहे.

युरोपीय संघाचा जन्मच मुळी कोळसा आणि पोलाद यांवरील नाके उठवण्यातून झाला. फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवरील लोरेन प्रांतात लोखंडाच्या खाणी. पलीकडे रूहर खोऱ्यात कोळसा. एकाची खनिजे, दुसऱ्याचे इंधन आणि मधल्या प्रदेशासाठी १८७० पासून तीन युद्धे. अखेर ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एका सामाईक अधिकारी मंडळाखाली आणण्याची सूचना मांडली. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिस येथे सहा देशांनी करार केला आणि १९५३ मध्ये कोळसा, खनिज लोखंड, भंगार व पोलाद यांची सामाईक बाजारपेठ उघडली. रक्ताने जे साधले नाही ते सामाईक मापाने साधले. सीमेवरच्या माणसाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आजच्या धुराच्या जकातीतही तोच धडा पुन्हा दिसतो. नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनश्टाइन हे देश संघाचे सभासद नाहीत. परंतु २००८ पासून ते संघाच्या परवाना बाजारात सामील आहेत. स्वित्झर्लंडने आपला स्वतंत्र परवाना बाजार १ जानेवारी २०२० पासून संघाच्या बाजाराशी जोडला. या चारही देशांच्या मालास धुराची जकात नाही. माप एक झाले, नाका उठला.

उलट उदाहरण ब्रिटनचे. संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने २०२१ पासून आपला वेगळा परवाना बाजार काढला. दोन बाजार, दोन भाव. तेव्हा कालपर्यंत एका घरात राहिलेल्या शेजाऱ्यांच्या मधे धुराचा नाका आला. ब्रिटननेही आपली स्वतंत्र धुराची जकात १ जानेवारी २०२७ पासून लावण्याचे ठरवले. हा तोट्याचा व्यवहार आहे हे ओळखून १९ मे २०२५ रोजी लंडन येथे उभय पक्षांनी आपापले परवाना बाजार जोडण्याच्या दिशेने काम करण्याचे मान्य केले. वेगळे होण्याचा हक्क बजावल्यावरही शेजार काही बदलता येत नाही, हे त्यांना व्यापाराने शिकवले.

तिसरे उदाहरण अधिक दुःखाचे आहे. सर्बिया, बोस्निया हे देश संघाच्या दाराशी आहेत, आत नाहीत. त्यांच्या विजेचा मोठा भाग लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशावर होतो आणि त्यांच्या तारा मात्र संघातील शेजाऱ्यांच्या तारांशी जोडलेल्या आहेत. काल जी वीज सहज सीमा ओलांडून जात होती तिच्यावर आज जकात आहे. नॉर्वे व स्वित्झर्लंड यांच्यासारखे धनिक शेजारी माप जुळवून मोकळे झाले. ज्यांच्यापाशी नवी वीजकेंद्रे उभारण्यास भांडवल नाही ते गरीब शेजारी नाक्यावर उभे आहेत. शेजारधर्म तोलायचा तो या गरीब शेजाऱ्याच्या बाबतीत. सधनाशी सलोखा कोणीही करतो.

सामाईक मापाने नाका उठतो, हे आपणांसही अनुभवाने ठाऊक आहे. एके काळी एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशी जुळत नसे आणि ‘मापात पाप’ ही म्हण बाजारात रोज खरी ठरे. १९५६ साली देशभर एकच वजनमापाचा कायदा झाला आणि भांडणाचे एक मूळ गेले. तसेच १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याराज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. त्या कराविषयी तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या मांडण्याचा व्यापाऱ्यास हक्क आहे. परंतु कोल्हापूर-बेळगाव मार्गावरून मालमोटार नेणाऱ्यास विचारा; करनाक्यावरच्या जुन्या रांगा पुन्हा याव्यात असे तो म्हणणार नाही. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, ते माप एका राज्याने दुसऱ्यावर लादले नाही. केंद्र व राज्ये ज्या परिषदेत बसतात, तेथे ते ठरते.

आणि नेमके येथेच युरोपच्या जकातीविषयी आमचा आक्षेप आहे. तिचे माप युरोपने एकट्याने ठरवले. भाव युरोपच्या बाजारात ठरतो. उत्पन्न युरोपच्या खजिन्याकडे जाते. ज्या देशाच्या मालावर ते बसले त्या देशास भट्ट्या सुधारण्यासाठी ते परत देण्याची तरतूद कायद्यात नाही. वादी, न्यायाधीश आणि खजिनदार एकच असल्यास निकालावर विश्वास कोणी ठेवावा?

माप एक असावे, हे मान्य. पण ओझेही सर्वांच्या डोक्यावर सारखेच असावे काय? १९९२ साली जगातील राष्ट्रांनी हवामानाविषयीचा जो करार केला, त्यात जबाबदारी सर्वांची परंतु आपापल्या इतिहासाप्रमाणे व ऐपतीप्रमाणे निरनिराळी, हे तत्त्व लिहून ठेवले आहे. भारतातील दरडोई कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरीही आपले पोलाद अधिक धुराचे ठरते, ते का? टनामागे आपली सरासरी सुमारे अडीच टन. जगाची दोन टनांच्या आत. याचे एक कारण सुस्ती हे असेलही, परंतु मोठे कारण भंगार आहे. जुने पोलाद विजेच्या भट्टीत वितळवले तर खनिज व कोक जाळून नवे करण्यापेक्षा धूर फारच थोडा होतो. परंतु भंगार येते कोठून? ज्या देशाने शंभर वर्षांपूर्वी पूल, आगगाड्या व गिरण्या उभारल्या, त्याच्या घरी आज ते भंगार आहे. आपण तर आपले पूल अजून बांधतो आहोत. भंगार ही श्रीमंतीची वडिलोपार्जित इस्टेट आहे. ती ज्याला मिळाली त्याने, न मिळालेल्या शेजाऱ्याचा धूर मोजावा, हे माप अचूक असेल. न्याय्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

येथवर आम्ही परक्याकडे बोट दाखवले. आता घरात पाहू. युरोपच्या कायद्यात एक कलम असे आहे की, मूळ देशात धुराचे जे दाम प्रत्यक्ष भरले गेले असतील ते जकातीतून वजा होतील. या एका कलमात आपल्या धोरणाची किल्ली आहे. जो पैसा आपण घरी घेणार नाही तो बाहेर जाणार. जो घरी घेऊ तो घरी राहील आणि आपल्याच भट्ट्या सुधारण्यास वापरता येईल.

याबाबत आपला इतिहास काय सांगतो? २०१० साली भारत सरकारने कोळशावर टनास ५० रुपये उपकर बसवला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. उद्देश स्वच्छ ऊर्जेचा होता. २०१७ मध्ये ती रक्कम राज्यांच्या करभरपाईकडे वळली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर रद्द होऊन कोळशावरील साधा कर ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे कोळसा जाळणाऱ्याने दाम तर मोजले. पण धुराचे दाम म्हणून त्यांचा वेगळा जमाखर्च राहिला नाही आणि भट्टीपर्यंत तो पैसा पोहोचला नाही. सरकारचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु विहिरीसाठी गोळा केलेली वर्गणी मांडवावर खर्च झाली, तर पाण्यासाठी परगावी जाण्याची पाळी येणारच.

जून २०२३ मध्ये भारताने आपली कार्बन पतव्यापार योजना अधिसूचित केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, कागद आणि क्लोर-अल्कली रसायने या धंद्यांतील कारखान्यांस धुराची उद्दिष्टे ठरवून देणारे पहिले नियम निघाले. पोलाद त्या पहिल्या यादीत नव्हते. आणि जकातीचा मोठा भार तर पोलादावरच आहे. २७ जानेवारी २०२६ रोजी भारत व युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. तीतही धुराच्या जकातीतून आपणांस सूट मिळालेली नाही. तेव्हा सूट मिळेल या आशेवर बसणे आता सोडले पाहिजे.

मग करावे काय? आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट कारखानदारासाठी. धुराचा जमाखर्च ठेवा. कुपोलात किती कोक गेला, पिग आयर्न कोणत्या कारखान्याचे आणले, भंगार किती घातले, विजेच्या भट्टीने किती युनिटे ओढली, हे रोजच्या वहीत लिहा. आज तुमचा जिन्नस यादीत नसेल. परंतु तुमचा गिऱ्हाईक हा प्रश्न उद्या विचारणारच. एकट्या लहान कारखान्यास तपासनीस नेमणे परवडणार नाही. तेथे सहकार हाच मार्ग आहे. ज्या भागाने साखरेचे आणि दुधाचे धंदे सहकाराने उभे केले, त्या भागास धुराच्या हिशेबासाठी एक सामाईक कचेरी उभारणे अवघड नाही. हा धंदा सीमेच्या दोन्ही बाजूंस पसरलेला आहे. कचेरीही दोन्ही बाजूंची मिळून असावी.

दुसरी गोष्ट सरकारसाठी. पोलादास लवकरात लवकर देशी माप लागू करावे, त्यातून येणारे दाम वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि त्यातला पहिला वाटा लहान भट्ट्यांच्या सुधारणेस द्यावा. मोठे कारखाने भांडवल उभे करतील. लहानाचे तसे नाही. भट्टी बंद पडली तर मालक दुसरा धंदा पाहील, पण साच्याची माती हातांत घेऊन ज्याचे आयुष्य गेले त्या कामगाराने जावे कोठे? ज्या सुधारणेच्या हिशेबात त्याचे नाव नाही, ती सुधारणा आम्ही अपुरी समजतो.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांविषयी. युरोपने आपल्या शेजाऱ्यांशी माप जुळवले. आपण आपल्या शेजाऱ्यांशी काय केले? येथे निराश होण्याचे कारण नाही. भूतानमधील चुखा येथे भारताच्या साहाय्याने ३३६ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले आणि १९८० च्या दशकापासून त्याची वीज भारतात येते. नेपाळची ४० मेगावॅट जलविद्युत भारतीय तारांवरून बांगलादेशास देण्याचा त्रिपक्षीय करार ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला आणि नोव्हेंबरात ती वीज प्रथम वाहिली. चाळीस मेगावॅट म्हणजे फार मोठी गोष्ट नव्हे. परंतु तीन देशांच्या सीमा ओलांडून बिनधुराची वीज जाऊ शकते, हे तिने दाखवून दिले. हिमालयाचे पाणी, दख्खनचा वारा, राजस्थानचे ऊन हे जर सामाईक तारांवर आले, तर या भूभागातील प्रत्येक भट्टीचा धूर कमी होईल आणि युरोपच्या मेजावर बसताना आपण चार देश मिळून एका आवाजात बोलू शकू. एकट्याची विनंती असते. चौघांची मागणी होते.

बंधुभगिनींनो, हवेला सीमा नाही, आणि धूर कोणत्या तालुक्याचा हे ढगांस कळत नाही. म्हणून धूर कमी झाला पाहिजे, याविषयी दुमत नको. तापलेल्या उन्हाळ्याची आणि अवकाळी पावसाची झळ आपल्या शेतकऱ्यास आधी लागते. परंतु धूर कमी करण्याचे माप सर्वांनी मिळून ठरवावे, त्याचे दाम ज्याच्या त्याच्या घरी राहावेत आणि दुबळ्या शेजाऱ्यास हात द्यावा, एवढाच आमचा आग्रह आहे. नाक्यावर उभे राहून केलेल्या शोकाने नाका उठत नाही. ज्याच्या हाती स्वतःचा चोख हिशेब आहे, त्यालाच दुसऱ्याच्या मापातले पाप दाखवता येते. तो हिशेब लिहिण्यास उद्या सकाळच्या पाळीपासून प्रारंभ करा.